खोलीतली हवा कोरडीठाक झालीय? आधी मोजा, मग पाणी घाला

कोकणातनं नाहीतर मुंबईतनं बदली होऊन आलेली, किंवा पोराला क्लास लावलेत म्हणून लातूरला खोली करून राहिलेली माणसं पहिल्या उन्हाळ्यात ऊन कसंतरी सहन करतात, पण नाकानं हैराण होतात. नाकात पापुद्रे धरतात, ओठ फुटतात, रात्री दोन वाजता घशाला कोरड पडून जाग येते आणि एखाद्या दुपारी लेकराचा घोळणा फुटला की घरात नुसती पळापळ. हिवाळ्यात अजून वेगळं, टाचांना भेगा पडतात, अंधारात ब्लँकेट ओढलं की चटचट ठिणग्या उडतात. आम्ही यातच वाढलो म्हणून आम्हाला त्याचं काही वाटत नाही, पण समुद्राकाठच्या माणसाला हे कळायलाच दोन महिने जातात की बाबा ही सर्दी नसून इथली हवाच अशी आहे.

मग लोक काय करतात तर सरळ ऑनलाइन ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट करायचं मशीन, मागवतात. मी पण मागवला होता, हजार-बाराशेचा, निळा लाईट लागणारा, वरनं धूर सोडणारा, दिसायला लई भारी. त्यात बोअरचं पाणी भरलं आणि रात्रभर टेबलावर चालू ठेवून झोपलो. सकाळी उठून बघतो तर काळा लॅपटॉप, टीव्ही, पुस्तकं, सगळ्यावर पिठाच्या गिरणीत ठेवल्यासारखी पांढरी पावडर. वरच्या मजल्यावरच्या काकू डोकावून म्हणाल्या, "काय करलालास रे, चुना लावलालास का घराला?" ती पावडर कशाची होती ते पुढं येतंच. तुमचे तरी तेवढे पैसे आणि लॅपटॉप वाचावेत म्हणून हे लिहितोय, जे मला चार उन्हाळे काढल्यावर कळलं.

पहिलं काम: मीटर आणा

काहीही विकत घ्यायच्या आधी हवेतला दमटपणा मोजायचा छोटा डिजिटल मीटर घ्या, हायग्रोमीटर म्हणून मिळतो, तीन-चारशे रुपयांत येतो, त्यावर तापमान पण दिसतं. हे मी पहिल्या नंबरला सांगतोय कारण कोरडं वाटणं आणि हवा खरंच कोरडी असणं यात बराच फरक पडू शकतो. पाणी कमी पिलेलं असतं, पंख्याचा झोत तोंडावर असतो, अंगाला रोज कडक साबण लावलेला असतो, आणि दोष जातो हवेला.

मीटर खरं बोलतो का ते तपासायची एक मस्त पद्धत आहे, घरातल्या मिठावर होते. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी टाकून ते ओल्या वाळूसारखं करा, पार विरघळून पाणी व्हायला नको. ते झाकण आणि मीटर दोन्ही एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून आठ-दहा तास विसरून जा. डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, ओल्या मिठाचा गुणच तसा. मीटर ७० दाखवत असेल तर तुमचा मीटर त्या भागात ५ नं कमी दाखवतो, तेवढे मिळवून वाचायचं. (पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते याच कारणानं, बाहेरची हवा ७५ च्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं. आज्जीकडं मीटर नव्हता पण मिठाची बरणी होती.)

मीटर ठेवायचा तो उशाच्या उंचीला, म्हणजे तुम्ही श्वास घेता तिथं. कूलरच्या तोंडासमोर, स्वयंपाकघराच्या दाराशी किंवा उन्हानं तापलेल्या पश्चिमेच्या भिंतीला टांगला तर काहीही आकडे दाखवेल. दोन-तीन दिवस सकाळ, दुपार, झोपताना असं लिहून काढा. ४० ते ६० मध्ये असाल तर काही करू नका, सुखानं झोपा. ३० च्या खाली जात असेल तर पुढं वाचा. ६० च्या वर तर वाढवायचा विषयच नाही, उलट भिंतीला बुरशी आणि गादीत धुळीचे बारीक किडे सुरू होतात, दमा असणाऱ्याला ते कोरड्या हवेपेक्षा जास्त त्रास देतात.

थोडं गणित, कंटाळा करू नका

मीटरवरचा टक्का म्हणजे काय, तर त्या तापमानाची हवा जेवढं पाणी वाफेच्या रूपात धरू शकते त्याच्या किती भाग आत्ता तिच्यात आहे. आणि गरम हवा लई जास्त धरते. एका घनमीटर हवेत ४० डिग्रीला जास्तीत जास्त ५१ ग्रॅम पाणी राहू शकतं, ३० ला ३० ग्रॅम, २० ला १७ आणि १० ला फक्त ९. म्हणून डिसेंबरच्या पहाटे बाहेर १० डिग्री असताना मीटर ८० टक्के दाखवतो, तीच हवा खोलीत येऊन २५ डिग्रीची झाली की ३३ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच आहे, हवेची भूक वाढली.

आता आपली नेहमीची १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट धरली तर साधारण ३४ घनमीटर हवा. हिवाळ्यात आत २२ डिग्री असताना ३० टक्क्यांवरनं ४५ वर जायचं तर हवेत घालायचं पाणी भरतं जेमतेम १०० ग्रॅम, म्हणजे अर्धा ग्लास. तेवढंच! फक्त अडचण ही की खिडकीच्या फटीतनं, दाराखालनं हवा बदलत राहते, म्हणून दर तासाला अजून पाव ग्लासाच्या आसपास घालत राहावं लागतं. पण मुद्दा असा की बंद खोलीला लिटरच्या लिटर पाणी लागत नाही. लागतं काय तर ते पाणी खरंच हवेत जायला पाहिजे, आणि इथंच सगळ्यांची गडबड होते.

तांब्या, परात आणि टॉवेल

कोपऱ्यात पाण्याचा तांब्या भरून ठेवा, हवा ओली राहते, हे तुम्हाला निदान चार जण सांगतील. मी किचनच्या वजनकाट्यावर करून बघितलं. तांब्यातलं पाणी रात्रभरात काट्याला कळेल न कळेल एवढंच कमी झालं, परातीतलं साधारण शंभर ग्रॅम गेलं, आणि पिळून दोरीवर टाकलेला ओला टॉवेल रात्री तीनलाच खडखडीत वाळला होता, त्यातलं अर्धा किलोच्या वर पाणी हवेत गेलेलं. पाणी उडतं ते वरच्या उघड्या भागातनं. तांब्याचं तोंड केवढं, परातीचं केवढं आणि टॉवेलच्या दोन्ही बाजू मिळून केवढं पसरट, बघा ना. त्यात पंखा एक नंबरवर ठेवला तर अजून लवकर.

म्हणजे ज्याला एक रुपया खर्च करायचा नाही, होस्टेलच्या खोलीत राहतो, त्यानं एवढंच करायचं: संध्याकाळी धुतलेले कपडे खोलीतच स्टँडवर वाळत घालायचे. मशीनमधनं पिळून निघालेल्या एका घाण्याच्या कपड्यांत सुद्धा दीड-दोन लिटर पाणी असतं, हातानं पिळलेल्यात त्याहून जास्त. कपडे नसतील तर मोठा टॉवेल किंवा जुनी सुती चादर, पाणी ठिबकणार नाही इतपत पिळून, पंख्याच्या वाऱ्यात पण अंथरुणापासून दोन हात लांब. टॉवेलचं खालचं टोक बादलीत बुडवून ठेवा म्हणजे रात्रभर ओला राहील असं सांगतात, ते फार चालत नाही, पाणी वीतभर वर चढतं आणि तिथंच थांबतं, बाकीचा टॉवेल कोरडाच. त्यापेक्षा रात्री लघवीला उठाल तेव्हा परत ओला करा. टॉवेल रोज धुवा, ओला-वाळला-ओला असं चार दिवस केलं की त्याला कुबट वास मारतो आणि तो वास अख्ख्या खोलीत पसरतो.

जुन्या माणसांचे उपाय यातलेच आहेत. दाराला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी मारायचं, खिडकीला ओलं पोतं टांगायचं, संध्याकाळी अंगणात सडा टाकायचा. सगळ्यांत एकच गोष्ट, भरपूर पसरट ओलं काहीतरी आणि त्यातनं जाणारा वारा. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, जाड भिंतीच्या घरात खालची जमीन सारवलेली असायची, त्या घरात उन्हाळ्यात एवढं कोरडं लागायचं नाही. आता सिमेंटचं स्लॅब आणि फरशी, ती पाणी धरतच नाही.

उन्हाळा: कूलर आहे ना, मग मशीन कशाला

मार्चच्या शेवटापासनं पाऊस पडेपर्यंत आपल्याकडं कूलर चालतोच, आणि कूलर म्हणजे ह्युमिडिफायरचा थोरला भाऊ. मे महिन्यात दुपारी माझ्या गच्चीवर सावलीत ४० डिग्री आणि मीटरवर १८-२० टक्के असं दिसतं. अशा हवेत चांगल्या पॅडचा कूलर २६-२७ डिग्रीचा वारा देऊ शकतो आणि त्या वाऱ्यात पाणी भरपूर असतं. ज्याच्या घरी कूलर चालू आहे आणि तरी ह्युमिडिफायर लावलाय त्यानं आधी मीटर बघावा, बहुतेक ६० च्या पुढंच असेल.

नवीन माणसांची इथली ठरलेली चूक म्हणजे कूलर लावून दार-खिडक्या गच्च बंद करणं, एसीसारखं. मग तासाभरात खोली चिकचिकीत होते, गार पण लागत नाही आणि लोक म्हणतात कूलर खराब आहे. कूलर खिडकीत, त्याची पाठ बाहेर, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढेल, आणि समोरचं दार किंवा खिडकी वीतभर उघडी, म्हणजे ओली हवा निघून जाईल. ती फट कमी-जास्त करून दमटपणा सेट करता येतो, मी मीटर बघून करतो, ५०-५५ ला ठेवतो. रात्री अकराच्या पुढं बाहेरचं गार झालं की पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा, नाहीतर पहाटे अंग जड होतं. ज्यांना सांधे धरतात त्यांना विचारा.

पॅडचं म्हणाल तर गवताचे स्वस्त पडतात आणि सुरुवातीला वारा मस्त देतात, पण सीझनमध्ये दबून मध्ये भोकं पडतात, त्या भोकातनं कोरडी गरम हवा आत येते, म्हणून दरवर्षी बदलायचे. हनीकॉम्ब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या भोकांचे, महाग पण नीट ठेवले तर दोन-तीन सीझन निघतात. फक्त बोअरच्या पाण्यानं त्यावर पांढरा खडक बसतो, टाकीतलं पाणी आठवड्यातनं एकदा पूर्ण सोडून दिलं तर कमी बसतो. नुसतं वरनं भरत राहिलात तर पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात आणि टाकीतलं पाणी दिवसेंदिवस खारट होत जातं. आठवड्याचा नियम दुसऱ्या कारणानं पण पाळाच, डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या चांगल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, आतनं घासायची, अंडी भिंतीला चिकटलेली असतात.

पाण्याचं पण बोलायला पाहिजे. मोठा कूलर भर दुपारी तासाला सात-आठ लिटर पाणी सहज पितो, दिवसभर चालवला तर पाऊणशे-ऐंशी लिटर. म्हणजे घरात एक माणूस जास्त. हे गाव असं की २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, पहिल्या गाडीत १० वॅगन आणि ५ लाख लिटर, तेव्हा आमच्या गल्लीत कूलर असूनसुद्धा लोक नुसते पंख्याखाली बसायचे. त्यामुळं टँकरच्या दिवसांत अख्खं घर गार करायच्या मागं लागू नका, एक झोपायची खोली धरा, तिला ओली चादर नाहीतर छोटा कूलर, बास. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी कूलरला घालू नका मात्र, वास येतो आणि पॅड सडतात, ते झाडांना घाला.

आणि करंट. हे वाचून सोडून देऊ नका. पत्र्याचा कूलर, खाली ओली फरशी आणि अर्थिंगचा पत्ता नसलेली भाड्याची खोली, यात दर उन्हाळ्यात आपल्या भागात माणसं जातात. पाणी भरायच्या आधी बटण बंद करून पिन बाहेर काढायची, नुसतं बटण नाही, कारण बऱ्याच खोल्यांत वायरिंग उलटं असतं, बटण बंद असलं तरी करंट येतो. थ्री पिनच वापरा, तिसरी पिन मोडून टू पिनमध्ये खुपसू नका. खोली घेताना घरमालकाला अर्थिंग आहे का ते विचारा आणि वायरमनकडनं तपासून घ्या, करंट लीक झाला की आपोआप पडणारा आरसीसीबी बसवायला सांगा. लहान लेकरं असतील तर कूलर गॅलरीत किंवा उंच स्टँडवर.

एसीवाल्यांसाठी

एसीनं हवा कोरडी होते म्हणतात ते खरं आहे, पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं बाहेरची हवाच एवढी कोरडी असते की एसीला तिच्यातनं काढायला फार पाणी मिळत नाही, बघा, त्या दिवसांत एसीची नळी थेंब थेंब गळते आणि जुलैत तीच नळी बादली भरते. ४० डिग्रीची २० टक्क्यांची हवा २६ पर्यंत गार झाली की मीटर आपोआप ४० च्या आसपास येतो. म्हणून एसीच्या खोलीत आधी मीटर बघा, आणि ४० असूनही नाक कोरडं पडत असेल तर झोत अंगावर येतोय, ते पातं वर करा. १८ वर लावून गोधडी घेऊन झोपणाऱ्यांचा नाकाचा त्रास बऱ्याचदा २६ वर गेलं की कमी होतो. मीटर खरंच ३५ च्या खाली असेल तर बंद एसीच्या खोलीत एक ओला टॉवेल पुष्कळ झाला. एसी आणि कूलर एकाच खोलीत एका वेळी लावू नका, एक पाणी घालतो, दुसरा तेच काढायला लाईट खातो.

तरी मशीन घ्यायचंच असेल

हिवाळ्यात, फेब्रुवारीत, एसीच्या खोलीत, किंवा लहान बाळ आहे आणि रात्री उठून टॉवेल ओला करणं होत नाही, तिथं मशीनला अर्थ आहे. बाजारात बहुतेक मिळतात ते अल्ट्रासोनिक, म्हणजे आतली चकती थरथरून पाण्याचे बारीक तुषार उडवते. वरनं दिसतो तो धूर नाही आणि वाफ पण नाही, ते पाणीच आहे, त्यात जे काय विरघळलेलं असेल त्याच्यासकट. आता आलं लक्षात पांढरी पावडर कशाची? बोअरच्या पाण्यातले क्षार. तुषार हवेत वाळले की ते खाली बसतात, आणि बसायच्या आधी तुम्ही त्याच हवेत श्वास घेत असता. पाणी उकळून गार करून घातलं तर जंतू मरतात, पण क्षार बहुतेक तसेच राहतात, त्यामुळं आरओचं पाणी घाला, तासाला दोन-तीनशे मिली लागतं, परवडतं. एसीच्या नळीचं पाणी क्षाराचं नसतं म्हणून काही हुशार लोक ते घालतात, नका घालू, कॉइलवरची सगळी धूळ-घाण त्यात येते.

दुसरा प्रकार ओल्या फिल्टरमधनं पंख्यानं हवा ओढणारा, म्हणजे छोटा कूलरच. यात क्षार फिल्टरवर राहतात, पावडर उडत नाही, आणि हवा ओली होत गेली तसं पाणी उडणं आपोआप मंद होतं, म्हणून मला हाच पसंत. फिल्टर मात्र बदलावा लागतो, घ्यायच्या आधी तो वेगळा मिळतो का बघा. तिसरा पाणी उकळून वाफ सोडणारा, पाणी कसलंही चालतं पण लाईट जास्त आणि रांगतं लेकरू असेल तर घरात आणूच नका. सर्दीत वाफारा घ्यायचं मशीन हे वेगळं, ते खोलीसाठी नसतं.

ठेवायचं कुठं, तर जमिनीवर नाही, दोन-तीन फूट उंच स्टुलावर, भिंतीपासनं आणि प्लगबोर्डापासनं लांब, तोंड खोलीच्या मधे. बाळाच्या तोंडावर तुषार सोडू नका. खाली फरशी ओली दिसायला लागली तर स्पीड कमी करा, ते पाणी हवेत जातच नाहीये.

सफाईचा कंटाळा असेल तर मशीन घेऊ नका, हे मी अगदी मनापासून सांगतो. रोज सकाळी उरलेलं पाणी ओतून द्यायचं, टाकी पुसून उघडी ठेवायची. आठवड्यातनं एकदा व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी अर्धा तास आत ठेवून मऊ ब्रशनं चकतीवरचा थर काढायचा, नीट धुवायचं. टाकीला आतनं बोट लावून बुळबुळीत लागलं तर आदल्या रात्री तुम्ही तेच हवेत उडवलंय. टाकीत निलगिरीचं तेल, कापूर, बाम काही घालायचं नाही, प्लास्टिक तडकतं आणि लेकरांच्या छातीला ते बरं नाही.

घोळणा फुटला तर

डोकं मागं करायचं नाही, रक्त घशात जातं. पुढं वाकून बसवा, नाकाचा मऊ भाग दोन बोटांत १० मिनिटं सलग दाबून धरा, मधेच सोडून बघू नका, तोंडानं श्वास घ्यायला सांगा. कांदा फोडून हुंगवतात, डोक्यावर पाणी ओततात, करायचं तर करा पण नाक दाबलेलं राहू द्या. वीस मिनिटांत थांबलं नाही, किंवा वरचेवर व्हायला लागलं, किंवा बीपी आणि रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असलेलं माणूस असेल तर सरळ डॉक्टर.

जूनमध्ये काय

पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की मीटर आपणहून ६५-७० वर जाऊन बसतो आणि कूलरनं नुसती चिकचिक होते. त्या दिवशी सगळं बंद करा. कूलरची टाकी रिकामी करून घासा, पॅड उन्हात कडक वाळवून ठेवा, ओले ठेवले तर पुढच्या मार्चला काळे निघतील. ह्युमिडिफायर पुसून, वाळवून खोक्यात. मीटर मात्र आत टाकू नका, तो कपड्याच्या कपाटात ठेवा, तिथं ६५ च्या वर गेला की कपाटाची दारं दुपारी पंख्याखाली उघडी टाकायची, नाहीतर पोळ्याला काढलेल्या साडीला बुरशीचे ठिपके सापडतात.